हळदीपुरतं

"झोप की आत. खात न्हाई ते तुला," दादा म्हणाला आणि त्यानं मशीनचं झाकण वर उचललं.

सोमवारची दुपार होती. सोमवारी जिम बंद असायची, म्हणून तर आम्ही आलो होतो. शटर अर्ध्यावर ओढलेलं, पंखे बंद, आणि घामाचा नि रेक्झिनचा असा वास कोंडलेला की ओढणी नाकाला लावूनच मी आत शिरले. मशीन मागच्या खोलीत होतं. माणूस आडवा मावेल एवढी काचेची खाट, तिच्याखाली निळसर नळ्या, झाकणातही तशाच नळ्या. जिममधली पोरं त्याला टोस्टर म्हणायची. मालकांच्या कुणा पाहुण्यानं दुबईतलं दुकान आवरताना ते इकडं पाठवून दिलं होतं.

आता कोल्हापुरात ऊन काय कमी पडतं, की माणसाला काळं करायला मशीन लागावं? पण बॉडीबिल्डिंगच्या स्पर्धेत उतरणाऱ्या पोरांना ते लागायचं. स्टेजवरच्या लाइटखाली गोरी बॉडी कणकेच्या गोळ्यासारखी दिसते, कट्स म्हणून दिसत नाहीत, असं दादा सांगायचा. दादा तिथं ट्रेनर होता, किल्ली त्याच्याकडंच असायची. स्पर्धेआधी पोरं अंगाला रंग फासायची, आणि त्याच्याही आधी काही दिवस या टोस्टरमध्ये पडून भाजून घ्यायची.

आणि आज त्यात मी पडणार होते. लग्न आठवड्यावर आलं होतं, आणि नवरा मुलगा दाराशी उभा राहून घड्याळ बघत होता.

"किती वेळ लागतो याला?" जयदीपनी विचारलं.

"पयल्या दिवशी थोडाच. मग रोज वाढवायचा."

"पण हळदीपर्यंत होईल ना?"

"आता ते मला काय म्हाईत? पोरांची कातडी तर चार दिसांत तांबूस हुतीया," दादा म्हणाला. "हिचं ते… त्याचं काय हुतंय बघू."

'ते' म्हणाला. कोड म्हणाला नाही. आमच्या घरात तो शब्द कुणीच उच्चारायचं नाही.

मी मुळात सावळी. लग्नाच्या जाहिरातीत लिहितात तसली सावळी नव्हे, चांगली रापलेली. लहानपणी आईनं साय चोळली, डाळीचं पीठ चोळलं, लिंबाच्या साली चोळल्या. आत्या आली की अंगणातून हाक मारून आत बोलवायची, "राजश्री, उन्हात खेळू नको गं, आधीच उजेड आहे!" मला त्या रंगाचा इतका राग होता की आरशाशी माझं पटायचंच नाही. आणि मग बाविसाव्या वर्षी डाव्या घोट्यावर एक पांढरा ठिपका दिसला. मला वाटलं चुना लागला असेल. पुसला, साबण लावला, न्हाणीतल्या दगडानं घासला. तो तिथंच. वर्षभरात त्याचा रुपयाएवढा डाग झाला, मग तो पावलावर उतरला, मग पाठीवर एक, उजव्या दंडावर एक.

काय सांगू तुम्हाला! ज्या रंगाला मी उभा जन्म नावं ठेवली, तो माझ्या अंगावरून निघून चालला होता, आणि मला तो परत हवा होता. दुसऱ्या कुणा मुलीचा काळा पाय चपलेत दिसला की मी बघत राहायचे. अशी हावरट मी कधी दागिन्यांसाठीही नव्हते. मी शिवणाचा क्लास चालवायचे, तेव्हा स्वतःला लांब बाह्यांचे ड्रेस शिवले आणि सगळ्यांना सांगितलं की सध्या तीच फॅशन आहे. मे महिन्यात चपलेत मोजे घालायचे. पाय फुटतात म्हणायचे.

मिरजेला एक डॉक्टरीणबाई होत्या. त्यांच्याकडं उभं राहायची एक केबिन होती, आतून नळ्या लावलेली. आठवड्यातून दोनदा बसनं जायचं, डोळ्याला चष्मा लावून आत उभं राहायचं, थोडा वेळ तो उजेड अंगावर घ्यायचा आणि परत यायचं. सहा महिन्यांत पाठीवरच्या डागात मिरीएवढे चार काळे ठिपके आले होते. त्या चार ठिपक्यांसाठी मी त्या दिवशी बाईंच्या पाया पडायला निघाले होते.

लग्न ठरल्यावर मी त्यांना विचारलं होतं. "बाई, आमच्या दादाच्या जिममध्ये असलंच मशीन आहे. मोठं. झोपायचं. त्यात रोज पडलं तर लवकर होईल का?"

बाईंनी पेन खाली ठेवलं. "कुणी सांगितलं असलंच म्हणून?"

"नळ्याच आहेत की."

"नळ्या तर तुमच्या देवघरातपण असतील," त्या म्हणाल्या. "राजश्री, इथं मी निवडून, मोजून उजेड देते तुला. तो वेगळा. जिममधला तो निव्वळ भाजतो. तुझ्या पांढऱ्या कातडीला रंगाचं पांघरूण नाही, ती आधी भाजणार. फोड येतील. जिथं फोड, तिथं नवीन डाग उठतो कधी कधी. आणि बाजूची कातडी आणखी काळी झाली की डाग आहे त्याहून पांढरा दिसेल. कॅन्सरचं तर मी आत्ता बोलतच नाही. कळलं?"

"कळलं."

"नीट कळलं का?"

"हो बाई."

कळलं होतं. पण घरी कुणाला सांगितलं नाही. सांगितलं असतं तर दादानं शटर उघडलंच नसतं.

आता जयदीपचं सांगते. गडहिंग्लजकडचे देसाई. साखर कारखान्यात केमिस्ट होते. उंच, गोरे, आणि हसले की आधी डोळे मिटायचे. बघायला आले तेव्हा चहाची बशी स्वतः उचलून आत आणून ठेवली, आणि आमच्या आईनं तिथंच पसंती दिली. साखरपुडा झाल्यावर त्यांचा रोज फोन यायचा. कारखान्यातल्या मळीचा वास नाकातून जात नाही, कुठला साहेब खुर्चीत झोपतो, असलं काहीबाही बोलायचे आणि मी इकडं तोंडाला ओढणी लावून हसायचे. फोन ठेवला की घर सुनं वाटायचं. माणसाची अशी सवय लागू शकते हे मला ठाऊक नव्हतं.

मी ठरवलं, यांना फसवायचं नाही. शालू घ्यायला दोन्ही घरची माणसं एका दुकानात जमली होती. बायका वरच्या मजल्यावर गादीवर बसलेल्या, आणि आम्ही दोघं पाणी प्यायच्या निमित्तानं जिन्यात. मी एका दमात सांगून टाकलं. घोटा, पाठ, दंड, मिरजेची केबिन, सगळं. बोलताना मी जिन्याच्या कठड्याकडं बघत होते.

जयदीपनी मोठा श्वास सोडला. "बास?"

"बास म्हणजे?"

"अहो, मला वाटलं तुमचं कुणावर प्रेमबीम आहे. घाम फुटला मला!" आणि ते हसले, डोळे मिटून. "मला काही फरक पडत नाही हो. खरंच नाही."

वरून त्यांच्या आईनं हाक मारली म्हणून आम्ही वर गेलो. कुठला शालू घेतला, कुठल्या रंगाचा, मला काही कळलं नाही. मी त्या माणसावर जीव टाकला तो त्या जिन्यात. दोन दिवस मी जमिनीवरून चालतच नव्हते.

तिसऱ्या दिवशी त्यांचा फोन आला. आवाज दबका.

"राजश्री, एक सुचलंच नव्हतं मला. हळदीचं काय करायचं?"

आमच्याकडं आधी नवऱ्या मुलाला हळद लागते. मग त्याची उष्टी हळद, हिरवी साडी, चुडा असं सगळं घेऊन त्यांच्याकडच्या बायका मुलीच्या घरी येतात. मुलीला पाटावर बसवतात आणि तोंड, मान, दंड, पाठ, पाय, हाताला लागेल तिथं हळद चोळतात. थट्टामस्करी चालते, ओरबाडाओरबाडी होते. त्या दिवशी लांब बाह्या नाहीत आणि मोजे नाहीत.

"आमच्या काकू येणार, आत्या येणार. आईपण येईल," जयदीप म्हणाले. "आईला अजून माहीत नाही."

"सांगा की मग."

"लग्नानंतर सांगू ना. एकदा तू घरात आलीस, तिला तुझी सवय झाली, की ती काही बोलणार नाही. फक्त हळदीपुरतं निभावलं पाहिजे." मग थोडं थांबून, "तुझ्या दादाच्या जिममध्ये ते मशीन आहे म्हणालीस ना?"

तू म्हणाले. पहिल्यांदा. त्या एका 'तू'पुढं मला मिरजेच्या बाई आठवेनात. मी हो म्हणाले.

तर असे आम्ही तिघं त्या सोमवारी तिथं. दादानं माझ्या हातात डोळ्याएवढ्या दोन काळ्या वाट्या दिल्या, डोळ्यांवर ठेवायला.

"आम्ही भाईर थांबतो. दार लाव, आडवी हो, आतनंच झाकण वढून घे. हे बटण."

"गरम होतं का रे?"

"कोवळं ऊन पडल्यागत वाटतंय."

मी खाटेला हात लावला. काच गार होती. का कुणास ठाऊक, पाय पुढं टाकवेना. दादानं माझ्याकडं बघितलं. एवढा धिप्पाड माणूस, पण मी घाबरले की त्याला लगेच कळायचं, आणि कळलं की तो थट्टा करायला लागायचा.

"भ्यालीस व्हय? बरं, थांब. पावणं! या हिकडं. तुमी झोपा आधी. दावा हिला काय हुत न्हाई म्हणून."

"मी?" जयदीप हसले. "नको, नको. मी कशाला? लग्न तोंडावर आलंय, काळा पडलो तर फोटोत सगळा…"

तिथंच थांबले. बाहेर रस्त्यावरून भंगारवाला ओरडत गेला.

मला राग आला का? नाही आला. खोटं कशाला बोलू. मला त्यांची दया आली, कारण त्यांचा चेहरा असा पडला की बघवेना. कानापर्यंत लाल झाले. "तसं नाही म्हणायचं मला," म्हणाले. मग दादाकडं बघून, "तसं नव्हतं म्हणायचं," आणि एकदम शर्टाची बटणं काढायला लागले.

"ऱ्हाऊ द्या ओ, मी आपली गंमत…" दादा म्हणाला.

"नाही, झोपतो ना. त्यात काय."

शर्ट खुंटीला लावला, बनियन काढला. मी तोंड फिरवायला हवं होतं, पण फिरवलं नाही. मी त्यांना असं कधी बघितलं नव्हतं. गोरी पाठ, कुठं एक तीळ नाही की वण नाही, नुसती स्वच्छ. ते काचेवर आडवे झाले, डोळ्यांवर त्या वाट्या ठेवल्या आणि म्हणाले, "लावा."

दादानं बटण दाबलं. नळ्या आधी फडफडल्या, मग गुणगुण सुरू झाली आणि तो निळा उजेड त्यांच्या छातीवर, पोटावर, गळ्यावर पडला. झाकण हळूहळू खाली आलं.

आणि मी ओरडले. "उठा! उठा आधी! भाजेल तुम्हाला!"

मीच पुढं होऊन झाकण वर ढकललं. त्यांच्या दंडाला धरून ओढलं. दादानं बटण बंद केलं. जयदीप उठून बसले, एक वाटी गालावर घरंगळलेली, काही न कळून माझ्याकडं बघत.

"भाजंल?" दादा म्हणाला. "ह्यास्नी भाजंल. आणि तुझं गं?"

मी खुंटीवरचा शर्ट काढून जयदीपना दिला.

"राजा, हिकडं बघ. मिरजेच्या बाई काय म्हणाल्या हुत्या? खरं सांग."

मी सांगितलं. खाली बघून, तुटक तुटक. फोड, नवीन डाग, सगळं. जसजसं सांगत गेले तसं मलाच नवल वाटायला लागलं की हे सगळं मला पाठ होतं. परक्याच्या अंगाला नुसता उजेड लागला तर मी धावले होते, आणि स्वतःचं अंग घेऊन मी आयती तिथं चालत आले होते. माझं अंग कुणाचंच नसल्यासारखं.

दादानं भिंतीतून पिन उपटली आणि वायर गुंडाळायला लागला. "मी सोताच्या हातानं घालत हुतो तुला ह्यात," एवढंच म्हणाला आणि बाहेर जाऊन वजनांच्या बाकावर बसला.

जयदीप खाटेच्या काठावर शर्ट मांडीवर घेऊन बसले होते. "मला नव्हतं माहीत," ते म्हणाले.

"मला होतं."

"मग का आलीस?"

"तुम्ही म्हणालात म्हणून."

"मग हळदीला काय?"

"दिसू दे."

"अगं, आई…"

"तुम्ही सांगा त्यांना. जिन्यात मला म्हणालात ना, काही फरक पडत नाही? तेच तिथं म्हणा. तेवढंच. बाकी मी बघेन."

"सांगतो."

"हळदीआधी."

"सांगतो म्हटलं ना." त्यांनी शर्ट चढवला. बटणं एक काज सोडून लागली, एक टोक वर, एक खाली. मी पुढं होऊन ती नीट लावली. लावू दिली त्यांनी. इतकी त्यांच्याजवळ मी कधी उभी राहिले नव्हते, आणि मला वाटलं, आता सगळं झालं, आता काही लपवायचं नाही, आता मी यांची. घरी येताना दादाच्या गाडीवर मागं बसून मी गाणं म्हणत होते.

पुढचे दिवस मी रोज फोनवर विचारायचे, "सांगितलं?" आणि ते म्हणायचे, "आज पाहुणे होते," "आज आईचं डोकं दुखत होतं," "उद्या नक्की." मी म्हणायचे, बरं. मला खरंच बरं वाटायचं. त्यांचा आवाज ऐकला की मला सगळं बरंच वाटायचं.

हळदीच्या सकाळी मी बिनबाह्यांच्या ब्लाउजवर जुनी पिवळी साडी नेसून पाटावर बसले. मोजे काढून ठेवले. गल्लीतल्या बायका जमल्या होत्या. त्यांनी बघितलं. एकमेकींकडं बघितलं. मग इंदूकाकू, त्या मला जन्मल्यापासून ओळखत, पुढं आल्या आणि माझ्या पांढऱ्या पावलाला हात लावून म्हणाल्या, "एवढंसं? आणि इतके दिवस मोज्यात कोंडलंस व्हय गं त्याला?" सगळ्या हसल्या. मीपण हसले. दोन वर्षांत पहिल्यांदा माझ्या दंडाला वारा लागत होता.

आमची हळद वाटून तयार होती, पण आधी उष्टी लावायची, म्हणून सगळे त्यांच्या जीपची वाट बघत होते. दहाला येणार होते. गाणी झाली, चहा झाला, पुन्हा चहा झाला. वाटीतल्या हळदीला वरून साय धरायला लागली. मग आत फोन वाजला. दादानं घेतला. नुसतं ऐकलं. मग वडिलांच्या, आमच्या अण्णांच्या, कानाशी लागला, आणि अण्णा भिंतीला टेकून खाली बसले.

बायका एकेक करून उठल्या. इंदूकाकू शेवटी गेल्या. जाताना त्यांनी मला पाटावरून उठवलं, कारण मी आपली बसूनच होते.

संध्याकाळचं सांगण्याआधी एक सांगते. माझे डाग त्यानंतर पसरले. आज पन्नाशीला टेकले आहे, दोन्ही हात गेले, निम्मा चेहरा गेला. छत्री घेतल्याशिवाय मी बाहेर पडत नाही, बाह्या लांब असतात, उघड्या जागेवर क्रीम थापते. लोकांना वाटतं लाजते म्हणून. लाजत-बिजत काही नाही, पांढरी कातडी उन्हात भाजते म्हणून जपते. क्लासमधल्या पोरींना मी हे पहिल्याच दिवशी सांगून टाकते आणि मग त्या माझ्या तोंडाकडं बघायचं सोडून सुईकडं बघतात. स्थळं नंतरही आली. एक तर चांगलं होतं. मी नाही म्हणाले. का, तर मला जयदीप देसाई हवे होते. त्यांनी काय केलं ते सगळं माहीत असून हवे होते. अजूनही कधी दुपारी फोन वाजला की उठताना छातीत काहीतरी होतं. शहाणपणाचं नाही हे, पण आहे.

तर त्या दिवशी, उन्हं उतरल्यावर, मी परसात धुण्याच्या दगडावर बसले होते. सकाळचीच साडी. मागच्या बोळात मोटारसायकल थांबली. मी वर बघितलं तर जयदीप.

अंगात घाईनं घातलेला शर्ट, आणि कपाळ, कान, मान, हात सगळे पिवळे. सकाळची हळद तशीच अंगावर वाळली होती. हळद लागलेल्या नवऱ्यानं एकट्यानं उंबऱ्याबाहेर पडायचं नसतं, हातात कट्यार असल्याशिवाय तर नाहीच. हे गडहिंग्लजपासून तसेच आले होते. वाटेतल्या लोकांनी काय काय बघितलं असेल.

"मी सांगितलं आईला," ते म्हणाले. कुंपणाच्या बाहेरच उभे राहिले.

"कधी?"

"जीप निघताना."

मी दगडावरून उठले.

"आधी धीर झाला नाही. रोज ठरवत होतो. काकू ताट घेऊन गाडीत बसल्या तेव्हा डोळ्यांपुढं आलं, की आता या तिथं जाणार, तुला बघणार आणि तुझ्या दारात तोंड वाजवणार. म्हटलं, त्यापेक्षा इथंच होऊ दे काय व्हायचं ते." कानामागची हळद त्यांनी नखानं खरवडली. "आईनं चावी काढून घेतली जीपची. पेटवून घेते म्हणाली. मला नाही जमलं, राजश्री."

"काही फरक पडत नाही, म्हणालात का तिथं?"

"म्हणालो."

"मग?"

"मग नाही जमलं."

त्यांनी नुसतं 'चल' म्हटलं असतं, तर मी तशी अनवाणी त्या गाडीवर बसले असते. आईअण्णांना सांगितलंपण नसतं. मी वाट बघितली. त्यांनी म्हटलं नाही. कुंपणाची काठी धरून उभे राहिले आणि मग हळूच म्हणाले, "एकदा बघू?"

"काय?"

"मी बघितलंच नाही कधी. तू सांगितलंस तेवढंच. एवढं सगळं झालं, आणि मी ते बघितलंसुद्धा नाही."

मी फाटकाची कडी काढली. साडी थोडी वर धरून डावा पाय पुढं केला. ते खाली बसले, मातीत, गुडघे टेकून. घोट्यापासून पावलावर उतरलेला तो पांढरा डाग त्यांनी बराच वेळ बघितला.

"एवढंच?" ते म्हणाले.

"एवढंच."

त्यांनी मान खाली घातली. खांदे हलायला लागले. मला वाटलं डोक्यावरून हात फिरवावा, केसांतपण हळद होती. पण माझं तोंड काही वेगळंच बोललं.

"हळद घेऊन यायची होती ना तुमच्याकडून? आणलीत की अंगावर. लावा."

त्यांनी वर बघितलं. मग स्वतःच्या हातावरची वाळलेली हळद तळव्यानं घासली, ती भुगा होऊन निघाली. मी बादलीतलं पाणी ओंजळभर त्यांच्या हातावर ओतलं. त्यांनी ती कालवली आणि माझ्या पावलाला लावली. नीट लावली, डागाच्या कडेकडेनं, कुठं सुटू नये अशी. त्यांचा हात गरम होता. मग ते उठले, फाटकाबाहेर गेले आणि गाडी सुरू झाल्याचा आवाज आला.

गाडीचा आवाज ऐकून आई परसात आली. "कोण होतं गं?"

"त्यांच्याकडची हळद आली होती."

"आत्ता?" आई इकडं तिकडं बघायला लागली. "आणि कुठाय?"

मी पाय पुढं केला. आई वाकली. मग खाली दगडावर बसली, माझं पाऊल मांडीवर घेतलं, आणि पदरानं नुसती त्याच्या भोवतीची माती पुसत राहिली.